मणिकर्णिकेहून परत आलेला डबा

अन्याय झाला तो नानांवर. गेल्या वर्षी, देवदिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसरा चहा गाळून व्हायच्या आत. अन्याय करणारे कोण, तेही आत्ताच सांगून टाकते: तुम्ही. मी पत्रकं लिहिते, आणि पत्रकात आरोपीचं नाव पहिल्या परिच्छेदात घालायचं असतं. तळाशी घातलं तर तोवर लोकांनी त्या कागदात शेंगदाणे बांधलेले असतात.

नाना म्हणजे आमचे घरमालक. काशीत अहिल्याबाई घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात. सत्तरी उलटली तरी आवाज असा, की गंगेपलीकडच्या वाळूतल्या उंटानेही मान वर करावी. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांचं घर आहे. खाली त्यांच्या पत्नी, म्हणजे माई, यात्रेकरूंना उतरायला खोल्या देतात आणि वर आम्ही भाडेकरू. त्या सकाळी नानांच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट मी लॅबमधून घेऊन आले. बरेच दिवस जळजळ होत होती, ताप जाऊन-येऊन होता, घाटावर बैठक मारणं जमत नव्हतं. रिपोर्टवर औषधांची नावं एकाखाली एक आणि जवळजवळ प्रत्येकापुढे इंग्रजी आर. आर म्हणजे, हे औषध या जंतूंवर चालत नाही.

नानांनी कागद लांब धरला. "एवढे आर? म्हणजे मी पास की नापास?"

"जंतू पास झालेत, नाना."

"सगळ्या विषयांत?"

"एक सोडून."

"हुशार आहेत." आणि मग आत वळून, "अगं ऐकलंस का, आपल्याकडे विद्वान उतरलेत."

माई म्हणाल्या, "किती दिवस राहणार आहेत ते विचारा. चादरी धुवायच्या आहेत."

नोकरीविषयीचे लेख माणसं निवृत्त झाल्यावर लिहितात हे मला माहीत आहे. माझ्या निवृत्तीला भरपूर अवकाश आहे, पण तोवर चालणारी औषधं शिल्लक राहतील याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहिते. एका आरोग्यसंस्थेत माझा हुद्दा आहे 'सामुदायिक समन्वयक'. काम म्हणजे लोकांना सांगायचं की अँटिबायोटिक उगाच घेऊ नका, घेतलंत तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्या, उरलेलं दुसऱ्याला देऊ नका. बस, एवढंच. एवढं सांगायला पगार मिळतो हे ऐकून आमच्या नातेवाइकांत मला अजून कोणी स्थळ सुचवलेलं नाही.

हे काय प्रकरण आहे ते आमच्या गच्चीवरच्या माकडांवरून सांगते. बनारसमध्ये दुसरं उदाहरण शोधावंच लागत नाही. पूर्वी गच्चीवर काठी आपटली की माकडं पळायची. पण आम्ही काठी आपटायचो अर्धवट. दोनदा आपटली, पापड वाचले, काठी ठेवली. भित्री माकडं त्या दोन आपट्यांतच गेली, निर्ढावलेली उरली, आणि पुढची पिल्लावळ झाली ती त्यांची. आता काठी घेऊन वर गेलं तर एक हुप्प्या येऊन काठीचं दुसरं टोक धरतो. जंतूंचं हेच होतं. अर्ध्या औषधाने कच्चे मरतात, पक्के उरतात, आणि मग देशभर पक्क्यांचंच गोत्र वाढतं. शिवाय साध्या सर्दीच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. तिथे ते घेणं म्हणजे माकडं आलेली नसताना काठी आपटून त्यांना आवाजाची सवय करून देणं.

यावर देशाचं धोरण आहे बरं का. राष्ट्रीय कृती योजना आहे. पहिलीची मुदत संपली, दुसरी आली. ती वाचलेल्या माणसांत मी आहे, आणि त्या रांगेत अजून भरपूर जागा आहे. योजना चांगली आहे हे मी भांडूनही कबूल करीन. चिठ्ठीशिवाय औषध विकायचं नाही, दवाखान्यात हात धुवायचे, कोणतं औषध चालतं ते आधी लॅबमध्ये तपासायचं. योजनेत माणसं आहेत, गुरं आहेत, कोंबड्या आहेत, नदीसुद्धा आहे. शेवटच्या फळीतलं एक औषध कोंबड्या लठ्ठ व्हाव्यात म्हणून खाद्यात घालायचे, त्यावर सरकारने बंदी घातली. उत्तम केलं. पण दिल्लीतली योजना लखनौमार्गे आमच्या गल्लीत पोचेपर्यंत तिचं एक बॅनर आणि एक समोशांची मीटिंग होते. त्या मीटिंगमध्ये मला 'माणसं' हा विभाग मिळाला, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसले होते. समोर बसलेल्याला कोंबड्या मिळाल्या. तो सुखी आहे. कोंबड्या उलट बोलत नाहीत.

माणसं बोलतात. आमची पहिली मोठी मोहीम लाल रेषेची होती. अँटिबायोटिकच्या पत्त्यावर, म्हणजे गोळ्यांच्या पाकिटावर, एक उभी लाल रेषा असते. तिचा अर्थ, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. सरकारची ही कल्पना मला अजूनही आवडते. मी पोस्टर केलं. मोठा पत्ता, त्यावर लाल रेषा, आणि खाली अक्षरं: 'लाल लकीर को पहचानिए'. गल्लीगल्लीत लावलं.

आता विचार करा, हे शहर कोणतं आहे. इथे कपाळावर उभी लाल रेघ असलेला माणूस दिसला की लोक बाजूला होऊन नमस्कार करतात.

रिपोर्ट आणला त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या औषधदुकानदाराने, मुन्नाभैयाने, मला हाक मारली. "दीदी, इधर आइए. मिठाई खिलानी है."

"किस बात की?"

"आपके पोस्टर के बाद से बिक्री बढ़ गई है. सब आके कहते हैं, वही देना, लाल लकीरवाली, पोस्टरवाली. सरकार ने जिस पर तिलक लगाया है."

मी तिथेच उभी राहून वाद घालत होते तेवढ्यात एक गृहस्थ पत्ता परत करायला आले. तापाची साधी गोळी होती, रेषा नव्हती. म्हणाले, "नकली पकड़ा दिया हमको." मुन्नाभैयाने माझ्याकडे हात केला. "दीदी से पूछिए. डिपार्टमेंट यही हैं."

घरी आल्यावर हे मी नानांना रागाने सांगितलं. नाना शांतपणे म्हणाले, "मग त्यात चूक काय? मीही तेच समजत होतो. गंध लावलंय म्हणजे अर्चन झालेलं औषध. मी ते नेहमी उजव्या हाताने घेतो."

"नेहमी म्हणजे? तुम्हाला कोण देतं?"

तेव्हा मला डब्याचा शोध लागला.

इथे तुमचा प्रवेश होतो, नीट बसा. काशीत येऊन माणसाने आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडावी अशी रीत आहे. कोणी वांगं सोडतं, कोणी जिलबी. आणि निघताना माईंच्या खोलीवर उरलंसुरलं ठेवून जायचं, ही तुम्ही लावलेली रीत. लोणचं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आणि गोळ्या. प्रवासाला निघताना तुम्ही घसा दुखेल म्हणून अँटिबायोटिक आणता. इथली थंडी लागते, घसा दुखतो, दोन गोळ्या घेता, तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. उरलेला पत्ता माईंच्या हातात ठेवता आणि वर म्हणता, "असू दे, कोणाच्या उपयोगी पडेल." पुण्य पुण्य म्हणतात ते हेच. माईंनी त्याकरता चकलीचा एक मोठा, घट्ट झाकणाचा डबा ठेवला होता. त्यात सोलापूर होतं, नाशिक होतं, परभणी होती. नव्या यात्रेकरूला खोकला आला की माई डबा उघडून रंग बघून गोळी देत. आणि नानांना काहीही झालं तरी डब्यातलंच. "टाकायचं कसं? पानात टाकत नाही आपण काही," असं माई मला म्हणाल्या. ज्या घरात पानात भाताचं शीत टाकलं तर बोलणी बसतात, त्या घरात सगळ्या महाराष्ट्राने टाकलेले अर्धे कोर्स जमले होते. नाना ते वर्षानुवर्षं एकेक करून संपवत होते. कधी पिवळी दोन दिवस, कधी गुलाबी एक दिवस. त्यांच्या पोटातल्या जंतूंनी अख्ख्या राज्याचा अभ्यासक्रम पुरा केला होता.

रिपोर्ट दाखवला ते डॉक्टर बनारसी होते, फार समजावत बसले नाहीत. म्हणाले, एकच इंजेक्शन चालेल, रोज येऊन घ्या. हे संक्रमण वर मूत्रपिंडात किंवा रक्तात गेलं तर अवघड आहे. "और बीच में घर का कुछ खाया तो फिर मेरे पास मत आइएगा. घाट आपके बगल में ही है."

नाना हसले. मला हसू आलं नाही. रोज सकाळी मी त्यांना ई-रिक्षातून घेऊन जायची आणि ते डाव्या हाताला पट्टी लावून घरी यायचे. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात डोकावले. नाना जेवत होते. पानात मेतकूट-भात, डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, आणि चटणीशेजारी एक हिरवी-पांढरी कॅप्सूल.

"नाना, हे काय?"

"तोंडी लावायला."

"इंजेक्शन चालू आहे ना तुमचं?"

"ते डॉक्टरचं. हे आपलं. कुणी बाई नगरहून आल्या होत्या, फार मनापासून दिलंय गं, रेवे."

मी माईंकडे पाहिलं. माई वाटी विसळण्यात गुंतल्या होत्या. मला तेव्हाच कळलं, की पत्रकं इथे हरली. डबा या घरात आहे तोवर हा माणूस वाचत नाही. मी डबा उचलला. माई म्हणाल्या, "डबा परत हवा हं मला. चकल्यांचा आहे."

आता पुढचा प्रश्न साधा वाटेल. डबा द्यायचा कुठे? असली औषधं जाळायची असतात, हे मी घरात दहादा सांगितलं होतं, पण जाळणार कोण?

कचऱ्यात टाकला तर गाय उघडणार, किंवा भंगारवाला. मोरीत ओतला तर मोरी जाते नदीत, आणि नदीतले जंतूही शिकतात. मुन्नाभैया म्हणाला, "दीदी, बेचने का लाइसेंस है, वापस लेने का नहीं." एका दवाखान्याने सांगितलं, आमचा जाळायला जाणारा, पिवळ्या पिशवीतला कचरा फक्त आमच्या रुग्णांचा. ज्या गाडीतून तो पिवळा कचरा जातो तिच्या ड्रायव्हरने सांगितलं, पिशवीत असेल तर नेतो, डब्यात नेत नाही. पिशवीत घालते म्हटलं तर म्हणाला, पिशवी दवाखान्याची लागते. सरकारी कचेरीत विचारलं. तिथल्या बाई खरोखर चांगल्या होत्या, त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "माझ्याही घरी असा एक डबा आहे, तुम्हाला जागा सापडली तर कळवाल?" केरळात म्हणे उरलेली औषधं परत घ्यायची सोय सुरू झाली आहे. मी केरळात राहत नाही.

डबा आमच्या वरच्या खोलीत आला. नाना जिना चढून येऊ लागले. 'सहज' येऊ लागले. त्यांचे गुडघे दुखतात, ते सहज जिना चढत नाहीत.

त्याच आठवड्यात दिल्लीहून एक साहेब येणार असल्याचं कळलं, योजना तळागाळात कशी उतरली ते पाहायला. आमच्या संस्थेने कळवून टाकलं होतं की आमच्याकडे 'संकलन केंद्र' आहे. संकलन केंद्र म्हणजे माईंचा चकलीचा डबा. आदल्या दिवशी मी वैतागून खाली चहाला बसले आणि म्हणाले, "नाना, या डब्याला जगात कोणीही घ्यायला तयार नाही."

नानांनी पंचांग उघडलं. मी त्यावरून ओळखायला हवं होतं.

सकाळी धुकं होतं. साहेब घाटाच्या पायऱ्यांवर उभे होते, पायात चकाकणारे बूट, हातात फाईल. स्वभावाने बरे वाटले. त्यांनी विचारलं, "तो कलेक्शन बॉक्स कहाँ रखा है?" डबा आणायला मी वर गेले तर खोलीत डबा नव्हता. धावत खाली आले. अहिल्याबाई घाटावर, शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात नाना उभे होते. अंगावर शाल. दोन्ही हातांनी त्यांनी नुकतंच काहीतरी सोडलं होतं, आणि ते प्रवाहाला लागलं होतं. लाल फडकं बांधलेलं, वर झेंडूची माळ.

"नाना, काय केलंत?"

"विसर्जन." त्यांनी ओले हात शालीला पुसले. "काल तूच म्हणालीस, कोणी घेत नाही. ज्याला कोणी घेत नाही त्याला गंगा घेते. मी जन्मभर दुसरं काय केलंय? सुटलो बघ. आता घरात नाही, मी खाणार नाही."

खरं सांगते, माझ्या जिभेवर एक अख्खं पत्रक आलं होतं. पण या माणसाने त्याला ठाऊक असलेला सर्वांत मोठा मान त्या गोळ्यांना दिला होता, तोही माझ्या एका वाक्याखातर. त्याच्यावर ओरडायचं कुठून सुरू करणार?

मागून साहेब म्हणाले, "मैडम, बॉक्स?"

मी नदीकडे बोट दाखवलं. "सर, वो जा रहा है."

भोला मल्लाहची होडी तिथेच होती. आम्ही सगळे तिच्यात चढलो, मी, साहेब बुटांसकट, आणि नाना, कारण विसर्जन त्यांचं होतं. झाकण घट्ट असल्यामुळे डबा बुडत नव्हता. माईंच्या डब्यांची ख्याती आहे. तो दशाश्वमेधासमोरून डौलात चालला होता आणि दुसऱ्या होड्यांतले दोन-चार यात्रेकरू त्याला हात जोडत होते. भोला वल्ही मारता मारता म्हणाला, "दीदी, ई डिब्बा में का है?"

"दवाई."

त्याने वल्हं थांबवलं. "काहे? गंगा मइया बीमार हैं का?"

"अभी नहीं. तुम चलाओ."

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाच्या अलीकडे साहेबांनी वाकून माळेला धरून डबा ओढला. बुटांत पाणी गेलं, फाईल माझ्या मांडीवर आली. होडी काठाला लागली ती लाकडांच्या गंजीपाशी. वर धूर होता. नानांनी एकवार इकडेतिकडे पाहिलं आणि उजळलेल्या चेहऱ्याने मला म्हणाले, "जाळायलाच हवं म्हणत होतीस ना? मग उतरू इथेच. अखंड अग्नी आहे."

साहेबांना मी भाषांतर करून सांगितलं. ते घाईने म्हणाले, "नहीं नहीं, पंडितजी. दवाइयों के लिए बहुत ज़्यादा तापमान चाहिए. यहाँ का कम पड़ेगा."

लाकडं रचणारा एक माणूस ऐकत होता. तो काम न थांबवता म्हणाला, "साहब, यहाँ आज तक किसी को कम नहीं पड़ा."

मग नाना हसायला लागले, मग भोला, आणि शेवटी ओले मोजे पिळत साहेबही. परत येताना मी साहेबांना विचारलं, तुमच्या योजनेत हा डबा नेमका कुठे द्यायचा? ते म्हणाले, "इन्सिनरेशन का प्रावधान है." म्हणजे, जाळायची तरतूद आहे.

"कहाँ?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "प्रावधान में."

घाटावर माई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. काशीत मणिकर्णिकेपर्यंत जाऊन परत आलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. तरी म्हणाल्या, "आता यात चकल्या नाही ठेवणार मी."

साहेबांनी अहवालात काय लिहिलं ते आम्हाला नंतर कळलं: 'स्थानिक समाजाचा सहभाग उत्स्फूर्त.' डबा अजूनही आमच्या ऑफिसात कुलपात आहे, लाल फडक्यासकट. तो न्यायला कोणी आलेलं नाही. मी दर महिन्याला सगळीकडे विचारते. आता मला कचेरीत दुरूनच पाहून चहा सांगतात.

नानांची इंजेक्शनं पुरी झाली. डबा गेल्यापासून मध्ये काही खाल्लं नाही, कारण खायला काही उरलंच नव्हतं. पुन्हा केलेल्या तपासणीत जंतू नाहीत. डॉक्टर म्हणाले, या वेळी एक औषध शिल्लक होतं, पुढच्या वेळी असेलच असं नाही. हे वाक्य नाना कोणाला सांगत नाहीत, पण त्यांना ते लागलं आहे. या उन्हाळ्यात सांगलीचं एक जोडपं निघताना उशीखाली अर्धा पत्ता ठेवून गेलं. लोणच्याची बरणीही ठेवली होती. नानांनी बरणी माईंना दिली आणि पत्ता घेऊन गुडघ्यांसकट गल्लीतून रिक्षामागे धावले. त्यांचा आवाज मी वरून ऐकला: "ओ सांगलीकर, थांबा. तुमचं राहिलं." बाई म्हणाल्या, असू द्या गुरुजी, कोणाच्या उपयोगी पडेल. नाना म्हणाले, "पडलं होतं, माझ्याच उपयोगी. मणिकर्णिकेपर्यंत जाऊन आलोय. घ्या परत."

आता तुम्ही. हा अंक खाली ठेवा. तुमच्या घरात तो डबा आहे. फ्रीजवर, नाहीतर देवघराच्या खालच्या फळीत, नाहीतर प्रवासाच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात. उघडा. लाल रेषेचा अर्धा पत्ता सापडेल. तो खाऊ नका, शेजारणीला देऊ नका, मोरीत टाकू नका. जिथून घेतलात त्या दुकानात जा आणि विचारा, "परत घेता का?" तो नाही म्हणेल. पुढच्या महिन्यात पुन्हा जा. तुमच्या नगरसेवकाला विचारा, आमदाराला विचारा. विचारणारी मी एकटीच आहे तोवर प्रावधान प्रावधानातच राहणार.

आणि काशीला याल तेव्हा वांगं खा, जिलबी खा, दोन्ही कचौरी गलीत उत्तम मिळतात. काही सोडायचंच असेल तर हा अर्धा पत्ता दुसऱ्याच्या घरी ठेवून जायची सवय सोडा. लोणचं मात्र ठेवा. माई बरणी परत करतात.